फांजिओ की मॉस? जुन्या फॉर्म्युला वनमध्ये शिरताना आधी कोणाचं बोट धरायचं

३.६ सेकंद. १९५७ च्या जर्मन ग्रां प्रीत हुआन मॅन्युएल फांजिओ दुसऱ्या गाडीच्या एवढाच पुढे होता. १९६१ च्या मोनॅको ग्रां प्रीत स्टर्लिंग मॉसही बरोबर एवढाच पुढे होता. पहिल्याला त्या दिवशी पाचवं विश्वविजेतेपद मिळालं. दुसऱ्याला शर्यत मिळाली. विश्वविजेतेपद त्या वर्षीही नाही आणि पुढे कधीच नाही.

हल्लीची फॉर्म्युला वन बघता बघता ज्यांना १९५० च्या दशकात डोकवावंसं वाटतं, त्यांच्यापुढे फिरून फिरून ही दोन नावं येतात. दोघांवर ढीगभर मजकूर आहे आणि आपल्या हातात फार तर चार रविवार. मी दोघांच्याही नादी बरीच वर्षं लागलोय आणि मधे एकदा माझं मतही फिरलंय, म्हणून हा खटाटोप.

आकड्यांवरच ठरवायचं असेल तर पुढचं वाचायची गरज नाही. फांजिओ विश्वविजेतेपदाच्या ५१ शर्यतींत उतरला, २४ जिंकला, २९ वेळा सगळ्यात पुढून सुटला. पाच विजेतेपदं. हा पाचाचा विक्रम मोडायला २००३ साल आणि मिशाएल शूमाखर यावा लागला. मॉस ६६ शर्यतींत उतरला, १६ जिंकला. १९५५ ते १९५८ ओळीने चार वर्षं दुसरा आणि त्यानंतर ओळीने तीन वर्षं तिसरा. आपल्याकडे सरासरी बघून फलंदाज तोलायची सवय आहे, त्या हिशेबाने सामना एकतर्फी. मात्र मॉस मिळेल त्या गाडीत बसायचा. स्पोर्ट्स कार, सलून म्हणजे साध्या प्रवासी मोटारी, रॅली, सगळं धरून ५२९ शर्यती आणि त्यांत २१२ विजय. हा माणूस फक्त ग्रां प्रीच्या तक्त्यात शोधाल तर अर्धाही सापडणार नाही.

वय बघा, मग खरी गंमत कळते. मॉसची कारकीर्द अपघाताने संपली तेव्हा तो ३२ वर्षांचा होता. ३२ व्या वर्षी फांजिओने युरोप पाहिलेलासुद्धा नव्हता.

फांजिओचा जन्म १९११ चा, अर्जेंटिनातल्या बाल्कार्से गावचा. आईवडील इटलीहून आलेले, घरची परिस्थिती बेताची. शाळा लवकर सुटली आणि पोरगा गॅरेजात लागला. फुटबॉलही बरा खेळायचा. पाय धनुष्यासारखे बाकदार, म्हणून ‘एल चुएको’, फेंगडा, हे नाव पडलं ते जन्मभर राहिलं. तो शर्यती शिकला त्या सर्किटवर नव्हे, तर कच्च्या रस्त्यांवर, दिवसच्या दिवस चालणाऱ्या लांब पल्ल्याच्या स्पर्धांत. १९४० साली ब्वेनोस आइरेसहून लिमाला जाऊन परत यायची शर्यत त्याने शेव्हरोलेत जिंकली. अंतर साडेनऊ हजार किलोमीटरच्या आसपास, मधे अँडीज पर्वत, आणि वाटेत गाडी मोडली तर दुरुस्त करायची आपणच. याच प्रकारच्या शर्यतीत १९४८ साली पेरूमध्ये त्याची गाडी उलटली आणि जोडीदार दानिएल उरुतिया गेला. युरोपात तो खऱ्या अर्थाने उतरला १९४९ साली. पहिलं विश्वविजेतेपद मिळालं तेव्हा चाळिशी गाठलेली होती.

मॉस १९२९ चा, लंडनचा. वडील दंतवैद्य आणि हौशी शर्यतपटू, १९२४ साली इंडियानापोलिसला धावून आलेले. आईही मोटार स्पर्धांत भाग घ्यायची आणि धाकटी बहीण पॅट पुढे स्वतःच्या हिमतीवर नामांकित रॅलीपटू झाली. शाळेत मात्र ज्यू मुळांवरून त्याला छळलं गेलं. १९४८ साली ५०० सीसीची छोटी कूपर, आणि १९५० साली, एकविसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, डंड्रॉडच्या पावसात जॅग्वार एक्सके १२० मधून टूरिस्ट ट्रॉफी. बस, तिथून पुढे नाव झालंच.

गरीब पोराने वर येणं ही गोष्ट आपल्याला लगेच भावते, म्हणून बरेच जण इथेच फांजिओकडे झुकतात. मीही झुकलो होतो. पण दोघांतला खरा फरक पैशाचा नाही. तो आहे गाडी निवडण्याचा.

फांजिओ दरवर्षी योग्य दारात उभा असायचा. १९५१ चं विजेतेपद अल्फा रोमिओत. १९५४ ची सुरुवात मासेरातीत, मर्सिडीझ तयार झाली की त्यांच्याकडे. १९५५ तिथेच. मर्सिडीझने शर्यती सोडल्या तर १९५६ मध्ये फेरारी. तिथे मन रमलं नाही, १९५७ मध्ये पुन्हा मासेराती. चार कंपन्या, पाच विजेतेपदं. याला कोणी नशीब म्हणेल. मी म्हणणार नाही. गॅरेजात वाढलेल्या माणसाला इंजिनाचा आवाज ऐकून कळतं यंदा कोणाकडे दम आहे, आणि मेकॅनिकांशी त्याची पटायची ती त्यांच्यातलाच एक म्हणून. नशीबही होतंच, ते नाकारत नाही. १९५६ साली मोन्झाला त्याची फेरारी मोडली, तेव्हा फेरारीतलाच सहकारी पीटर कॉलिन्स याने चालू शर्यतीत स्वतःची गाडी त्याच्या हवाली केली. कॉलिन्सला स्वतःला विजेतेपदाची संधी होती, तरीही.

मॉसचं उलट. १९५१ साली बारीच्या शर्यतीसाठी फेरारीने त्याला बोलावलं, तो इटलीत पोहोचला तर गाडी दुसऱ्यालाच दिलेली. तो अपमान त्याने वर्षानुवर्षं गाठीला बांधून ठेवला आणि विश्वविजेतेपदाच्या एकाही शर्यतीत तो फेरारीत बसला नाही. शक्यतो ब्रिटिश गाडीतच धावायचं हा हट्टही होता. १९५७ साली ऐनट्रीला टोनी ब्रुक्ससोबत एकच व्हॅनवॉल वाटून घेऊन त्याने ब्रिटिश गाडीचा विश्वविजेतेपदातला पहिला विजय मिळवला, तेव्हा हट्टाचं थोडं चीज झालं. व्हॅनवॉल संघ बंद झाल्यावर तो मोठ्या कंपनीकडे न जाता रॉब वॉकरकडे गेला. हा वॉकर म्हणजे जॉनी वॉकर व्हिस्कीच्या घराण्यातला. पासपोर्टवर व्यवसायाच्या रकान्यात त्याने ‘जंटलमन’ असं लिहिलं होतं! कारखान्याच्या नव्या गाड्या दुसऱ्यांना, वॉकरकडे त्यांचीच विकत घेतलेली, बहुधा एक पिढी जुनी.

मोनॅको १९६१ म्हणूनच डोक्यावर घ्यायची. वॉकरची जुनी लोटस १८, समोर शार्कच्या नाकाच्या तीन फेरारी, ताकदीने बऱ्याच वरचढ. सुटायच्या काही मिनिटं आधी मॉसला सांगाड्याच्या एका नळीला तडा दिसला. इंधनाची टाकी भरलेली. आल्फ फ्रान्सिस या त्याच्या मेकॅनिकने ओली फडकी गुंडाळली आणि तिथेच, रांगेत उभ्या गाडीवर, वेल्डिंग केलं. बाकीचे पांगले म्हणतात, आश्चर्य नाही. उकाडा होता म्हणून मॉसने गाडीच्या दोन्ही बाजूंचे पत्रे काढायला लावले. त्यामुळे छायाचित्रांत त्याचे हात, पाय, गिअर बदलणं सगळं उघडं दिसतं. अशा गाडीत शंभर फेऱ्या, आणि त्यांची सरासरी त्याच्या स्वतःच्या पोलच्या वेळेपेक्षा, म्हणजे सगळ्यात पुढची जागा मिळवून देणाऱ्या सरावफेरीपेक्षा, जेमतेम अर्धा सेकंद मागे. पोलची वेळ एकदा काढायची असते. याने ती जवळजवळ शंभर वेळा काढली, आरशात फेरारी दिसत असताना.

आता याच्याशेजारी नूर्बुर्गरिंग १९५७, म्हणजे सुरुवातीची ती जर्मन ग्रां प्री, ठेवा. जवळपास २३ किलोमीटरची फेरी, दीडशेहून जास्त वळणं, चढ-उतार, दोन्हीकडे झाडी. फांजिओ ४६ वर्षांचा. अर्धी टाकी भरून हलक्या गाडीत सुटायचं, आघाडी घ्यायची, मधे थांबून टायर बदलायचे, असा बेत. पिटमध्ये, म्हणजे दुरुस्तीच्या थांब्यावर, मेकॅनिकांच्या हातून चाकाची नट गाडीखाली गेली, शोधाशोधीत वेळ गेला, आणि फांजिओ बाहेर पडला तेव्हा माइक हॉथॉर्न आणि कॉलिन्सच्या दोन फेरारी पाऊण मिनिटाहून जास्त पुढे होत्या. मग त्याने फेरीमागून फेरी विक्रम मोडत नेला. शेवटी ९ मिनिटं १७.४ सेकंद. त्याची पोलची वेळ होती ९ मिनिटं २५.६. शर्यतीच्या अखेरीला, दमलेला असताना, आपल्याच सर्वोत्तम वेळेहून आठ सेकंदांनी चांगला! जी वळणं एरवी तिसऱ्या गिअरमध्ये घ्यायचा ती चौथ्यात घेतली असं त्याने नंतर सांगितलं, आणि पुन्हा तसं चालवायची इच्छा नाही हेही सांगितलं. विश्वविजेतेपदातला तो त्याचा शेवटचा विजय. मॉसचाही शेवटचा विजय याच सर्किटवर, १९६१ मध्ये.

दोन्हींपैकी एक निवड म्हणाल तर मी नूर्बुर्गरिंग निवडेन. मोनॅको अधिक कठीण होती असं मला वाटतं, तरीही. शहाणा, मोजूनमापून चालवणारा माणूस एका दुपारी सगळी मापं सोडून देतो, ते बघण्यात काही वेगळंच आहे.

दोघं एकाच संघात होते ते १९५५ साल मात्र स्वतंत्रपणे बघावं लागतं. मर्सिडीझच्या दोन चंदेरी गाड्या, फांजिओ पुढे, मॉस शेपटीला. दोघं आपसांत मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये बोलायचे. मॉस पुढे कायम सांगत आला की ग्रां प्री गाडीत फांजिओ माझ्यापेक्षा सरस होता, पाठीमागे राहून मी शिकलो. स्पोर्ट्स कारमध्ये मात्र पारडं मॉसचं.

त्याचा पुरावा म्हणजे त्या वर्षीची मिल्ले मिल्या. ब्रेशियाहून रोम आणि परत ब्रेशिया, साधारण १६०० किलोमीटर, रोजच्या वापरातले रस्ते, गावांतून, पुलांवरून. माझ्या टेबलावर त्या गाडीची बोटभर लांबीची प्रतिकृती आहे. येणारा प्रत्येक जण विचारतो, ७२२ नंबर कसला? ती सुटायची वेळ, सकाळचे ७ वाजून २२ मिनिटं. फांजिओचा क्रमांक होता ६५८, म्हणजे तो आधी सुटलेला. मॉसच्या शेजारी डेनिस जेंकिन्सन, दाढीवाला, चष्मेवाला पत्रकार. हा नुसता लेखणीबहाद्दर नव्हता, १९४९ साली साइडकारच्या विश्वविजेत्या जोडीतला तो मागचा गडी होता. त्याने आधी सगळा रस्ता फिरून प्रत्येक वळणाची टिपणं काढली, ती पाच मीटरहून लांब कागदी पट्टीवर उतरवली आणि पट्टी एका धातूच्या डबीत दोन रुळांवर गुंडाळली. रूळ फिरवत जायचं, डबीच्या खिडकीतून पुढचं वळण वाचायचं, आणि हाताने खूण करायची, कारण इंजिनाच्या आवाजात बोललेलं काही ऐकू यायचं नाही. वाटेत त्याला उलटी झाली, बाहेर वाकला आणि वाऱ्याने चष्मा उडवला. जादा चष्मा जवळ होता म्हणून निभावलं. पुढे टेकाड आहे आणि पलीकडे रस्ता सरळ आहे, असं शेजारच्याने हाताने सांगायचं आणि चालवणाऱ्याने पाय न उचलता उडी मारायची. १० तास, ७ मिनिटं, ४८ सेकंद. ताशी सरासरी १५७ किलोमीटरच्या वर. एकटाच चालवणारा, इंजिनाच्या बिघाडाशी झगडणारा फांजिओ दुसरा आला, ३२ मिनिटं मागे. आणि शर्यतीआधी मॉसला तरतरीसाठी एक गोळी दिली होती ती याच फांजिओने. मॉसने ती घेतली आणि पुढे कधी लपवली नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांत ल मांची चोवीस तासांची शर्यत. मर्सिडीझची एक गाडी प्रेक्षकांत घुसली, ऐंशीहून जास्त माणसं गेली. फांजिओ त्या गाडीच्या अगदी मागे होता आणि जेमतेम निसटला. तो आणि मॉस एकच गाडी आळीपाळीने चालवत होते, पहिल्या क्रमांकावर होते. मध्यरात्रीनंतर कंपनीने गाड्या मागे घेतल्या. मॉसला हा निर्णय पटला नव्हता, आपण थांबलो म्हणून मेलेले परत येणार नव्हते, असं त्याचं म्हणणं. मला इथे मॉस खटकतो. पण तो तसं उघड बोलायचा.

उघड बोलण्याचाच दुसरा नमुना १९५८ चा. पोर्तोच्या रस्त्यांवर, ट्रामचे रूळ ओलांडत झालेली पोर्तुगाल ग्रां प्री मॉस जिंकला. विजेतेपदासाठी त्याच्याशी झुंजणारा माइक हॉथॉर्न शेवटच्या फेरीत घसरला, गाडी बंद पडली आणि ती पुन्हा सुरू करताना उलट्या दिशेने गेली, म्हणून पंचांनी त्याला बाद केलं. मॉस स्वतःहून पंचांकडे गेला आणि गाडी रस्त्यावर नव्हे, पदपथावर होती अशी साक्ष दिली. हॉथॉर्नचे दुसऱ्या क्रमांकाचे सहा गुण परत आले, वर सर्वात वेगवान फेरीचा एक. हा एक गुण मॉसलाही घेता आला असता. पण पिटमधून दाखवलेल्या पाटीवर हॉथॉर्नने विक्रमी फेरी काढली असं लिहिलं होतं, आणि मॉसने शेवटचं अक्षर चुकीचं वाचून (REC च्या जागी REG), तो नेहमीच्या चालीने चाललाय, असा अर्थ काढला. हंगाम संपला तेव्हा हॉथॉर्न ४२, मॉस ४१. मॉसचे चार विजय, हॉथॉर्नचा एकच.

तो एकच विजय कुठला? रँसचा, ६ जुलै १९५८. म्हणजे फांजिओची शेवटची ग्रां प्री. हॉथॉर्न पुढे होता, शेवटी त्याला फांजिओला एक फेरीने मागे टाकता आलं असतं. त्याने वेग कमी केला आणि म्हाताऱ्याला आधी रेषा ओलांडू दिली. त्याच शर्यतीत फेरारीचा लुइजी मुस्सो मेला. फांजिओ चौथा आला, गाडीतून उतरला आणि परत बसला नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत हवानात हॉटेलच्या लॉबीतून बंदूक दाखवून कास्त्रोच्या माणसांनी त्याला पळवून नेलं होतं. दुसऱ्या दिवशीची शर्यत झाल्यावर सुखरूप सोडलं, आणि तो त्यांच्याबद्दल कडवट असं कधी बोलला नाही. नाट्य हवं असेल तर ही गोष्ट तुम्हाला आपसूक सापडेलच, मी तिच्यावर जास्त वेळ घालवणार नाही.

मॉसला असा निरोप मिळाला नाही. २३ एप्रिल १९६२, गुडवूड, विश्वविजेतेपदाशी संबंध नसलेली एक किरकोळ शर्यत. गाडी सरळ बांधाला धडकली. का, ते त्याला कधीच आठवलं नाही. महिनाभर बेशुद्ध, डावी बाजू सहा महिने लुळी. १९६३ साली त्याच सर्किटवर एकट्याने गाडी चालवून बघितली. वेळ बरी निघाली, पण पूर्वी आपोआप व्हायचं ते आता विचार करून करावं लागत होतं, म्हणून तिथेच निवृत्ती. नंतर त्याला वाटत राहिलं की आणखी थोडं थांबून मग ठरवायला हवं होतं.

आता व्यवहाराचं. फांजिओचं बरंचसं साहित्य स्पॅनिश आणि इटालियनमध्ये, आणि माणूस मितभाषी. लग्न केलं नाही, मुलांबद्दल बोलला नाही. मुलांचं पितृत्व सिद्ध व्हायला त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी, २०१५ मध्ये, थडगं उघडून डीएनए तपासावं लागलं. बाल्कार्सेला त्याचं मोठं संग्रहालय आहे, पण तिथे जायचं म्हणजे पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला. मॉस २०२० पर्यंत जगला, रोजनिश्या ठेवायचा, आणि कोणीही माईक पुढे केला की बोलायचा. कधीकधी नको ते. २०१३ साली बायकांना फॉर्म्युला वनचा मानसिक ताण झेपणार नाही असं म्हणाला. सख्खी बहीण पॅट १९६० साली लिएज-रोम-लिएजसारखी रॅली पुरुषांना मागे टाकून जिंकलेली असताना! इंग्रजी समजणाऱ्याला मॉसबद्दल ऐकायला-वाचायला इतकं मिळतं की निवडताना दमाल. जेंकिन्सनने मोटर स्पोर्ट मासिकात लिहिलेला मिल्ले मिल्याचा वृत्तांत तर शेजारच्या सीटवरून लिहिलेला आहे. तसं काही फांजिओकडे नाही.

कोणी अस्कारीचं नाव काढेल. १९५२ आणि १९५३ चा विजेता, वेगात दोघांच्या तोडीचा. पण तो १९५५ मध्येच ३६ व्या वर्षी गेला, वडीलही ३६ व्या वर्षी शर्यतीत गेलेले, आणि त्या योगायोगांतच लोक अडकून पडतात. त्याला तिसरा ठेवा.

माझा सल्ला असा. दोघांपैकी एकच करणार असाल तर फांजिओ, कारण त्या दशकातल्या सगळ्या मोठ्या गाड्या त्याच्या हाताखालून गेल्या आणि त्याच्या मागे चालत गेलात की तो काळ आपोआप कळतो. दोघंही करणार असाल तर मॉसपासून सुरुवात करा. आधी जेंकिन्सन वाचा, मग मोनॅको १९६१, मग १९५८ चं वर्ष. फांजिओचं मोठेपण तुम्हाला मॉसच्याच तोंडून ऐकायला मिळेल आणि नूर्बुर्गरिंगला पोहोचाल तेव्हा कान तयार असतील.

ऐनट्री १९५५ शेवटी ठेवा. ब्रिटिश ग्रां प्री, मॉसचं घर, मॉस पहिला, फांजिओ ०.२ सेकंद मागे. फांजिओने जिंकू दिलं का, हे मॉसने त्याला नंतर विचारलं. त्याचं उत्तर कायम तेच: त्या दिवशी तू सरस होतास. शेवटच्या सरळ रस्त्यावरची दोन गाड्यांची चाकं नीट बघा आणि तुमचं तुम्ही ठरवा. मी तीनदा ठरवलंय, तिन्ही वेळा वेगळं.